नाकापेक्षा मोती जड? बोटीमागे टांगलेल्या ६०० घोड्यांबद्दल एक वाकडं मत

सुकाणू

गेल्या महिन्यात एका मित्राबरोबर दोन चाचणी-फेऱ्या मारल्या. त्याला ४८ फुटी बोट घ्यायची आहे, निव्वळ हौसेसाठी. एकाच सांगाड्यावर दोन पर्याय मिळतात. पहिला, मागे टांगलेली ६०० एचपीची तीन पेट्रोल आउटबोर्ड. दुसरा, पोटात बसवलेली ४४० एचपीची दोन डिझेल इंजिनं आणि त्यांच्याखाली पॉड, म्हणजे तळातून खाली येणारा, वळणारा पंख्याचा भाग. दोन्ही बोटी एकाच आठवड्यात, साधारण सारख्याच समुद्रात चालवून बघितल्या. मित्र आउटबोर्डच्या प्रेमात पडून परतला, मी डोकं धरून. आमचं भांडण काही मिटेना, म्हणून इथे मांडतोय.

आउटबोर्ड वाईट, असं मी म्हणत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिला प्रतिसाद त्यावरच येईल. तीस-पस्तीस फुटांपर्यंतच्या बोटीला आउटबोर्डसारखं सुख नाही. पण बोट भरून पंधरा टनांच्या पुढे गेली की पेट्रोलचं इंजिन ट्रान्समवर, म्हणजे मागच्या भिंतीवर, टांगायचा हट्ट कशासाठी? हा हट्ट पुरवता पुरवता इंजिनं कुठल्या कुठे गेली बघा. यामाहाचं ३५० एचपीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आलं २००७ मध्ये, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली होती. २०१८ मध्ये त्यांचंच ४२५ आलं, ५.६ लिटरचं. आणि २०२१ मध्ये मर्क्युरीने थेट ७.६ लिटरचं व्ही-१२, ६०० एचपी! एकेका इंजिनाचं वजन ५७० किलोच्या पुढे. अशी तीन म्हणजे १७०० किलोंहून जास्त, आणि हे सगळं बोटीच्या अगदी टोकाला लोंबकळणार.

आता आमच्या फेरीतले आकडे. आउटबोर्डवाली बोट सुसाट गेली, ४१ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). पॉडवाली २९.५ ला थकली. मित्राने इथेच वही मिटली. मी पुढचं पान उघडलं. आरामाच्या वेगात, २८ नॉटला, तीन आउटबोर्ड मिळून ताशी ३३० लिटर पीत होती, म्हणजे सागरी मैलाला जवळजवळ १२ लिटर. डिझेलवाली २४ नॉटला ताशी १४० लिटर, मैलाला सहाच्या आत. टाकी दोन्हींची १५०० लिटरची. दहा टक्के राखीव ठेवलं तर एकीचा पल्ला ११५ मैलांच्या आत संपतो, दुसरी २३० गाठते.

चार नॉट जास्तीचे मिळवायला दुप्पट इंधन जाळायचं, पल्ला निम्मा करायचा, आणि वर म्हणायचं की हेच आधुनिक. मला तरी हे नाकापेक्षा मोती जड वाटतं. असहमत मंडळींनी सुरुवात करावी.

भरतीओहोटी

काडी टाकून झालेली आहे. मी पहिल्या रांगेत जागा धरली.

खारं पाणी

सुकाणूसाहेब, आकडे खरे असतील, पण तुम्ही दोन बोटींची तुलना न करता दोन मीटरची केलीत. पॉडवाल्या बोटीत खाली उतरून बघितलंत का? ४८ फुटी बोटीत इंजिनखोली मागचा मोठा भाग गिळते. तीच जागा आउटबोर्डवाल्या बोटीत झोपायची खोली होते, नाहीतर सामानाचं कोठार. हौशी माणूस बोट घेतो ती घरच्यांना घेऊन जायला. त्याला डिझेलच्या वासात आणि घुमणाऱ्या फरशीवर झोपायला सांगून बघा.

माझा धंदाच इंजिनं दुरुस्त करायचा, त्यामुळे दुसरी गोष्ट पोटतिडकीने सांगतो. आउटबोर्डचं झाकण उघडलं की सगळं समोर. उभं राहून काम करता येतं. पोटातल्या डिझेलच्या पलीकडच्या बाजूचा पंप बदलायचा असेल तर मी उलटा लटकून, एका हाताने, आरशात बघून बोल्ट शोधतो. बोटीत काम करणाऱ्याची पाठ कशाने जाते ते आम्हाला विचारा. आणि इंजिन अगदीच गेलं तर आउटबोर्ड एका दिवसात उतरवून नवीन चढवता येतं. पोटातलं इंजिन काढायला कधीकधी डेक कापावा लागतो. कापलेला आहे, या हातांनी.

तिसरं, उथळ पाणी. आउटबोर्ड वर उचलता येतं. फेरीवरून परतल्यावर खाऱ्या पाण्यात बुडून राहायला खाली काही उरत नाही. पॉड वर्षभर तिथेच असतो, शेवाळ आणि शिंपल्यांचं घर. जस्ताच्या ठोकळ्यांकडे (ते स्वतः झिजून पॉडचा धातू वाचवतात) एक हंगाम दुर्लक्ष झालं की त्याला गंज कसा खातो ते बघवत नाही.

सुकाणू

@खारं पाणी, जागेचा मुद्दा मान्य. पाठीचाही मान्य, मनापासून. पण पॉड जमिनीला आपटला तर तो ठरवून तुटून पडावा अशीच रचना असते, सांगाडा फुटू नये म्हणून. आउटबोर्ड वेगात आपटलं तर ट्रान्समचं काय होतं तेही सांगा की. आणि मागे तीन धूड उभी असताना पोहायला उतरायची जागा कुठे राहते? घरच्यांसाठीच बोट म्हणता ना?

पिस्टनपंडित

दोघांचंही चालू द्या, पण लेखातल्या एका वाक्यावर माझी हरकत. "हट्ट पुरवता पुरवता इंजिनं कुठल्या कुठे गेली" म्हणताना तुम्ही ६०० ला मोठ्या केलेल्या ३०० सारखं धरताय. हे वेगळं जनावर आहे.

नेहमीचं आउटबोर्ड वळवताना सगळं इंजिन वळतं. व्ही-१२ मध्ये वरचा डोलारा जागचा हलत नाही, फक्त पाण्याखालचा गिअरचा भाग वळतो. एक तर त्यामुळे इंजिनं एकमेकांच्या जवळ बसवता येतात. दुसरं म्हणजे धक्क्याला लावताना हा भाग नेहमीच्या आउटबोर्डपेक्षा बराच जास्त वळतो, त्यामुळे जॉयस्टिकवर बोट आडवी सरकते. सुकाणूसाहेब, पॉडची जी खासियत तुम्हाला आवडते, तीच बाहेर टांगून दिली आहे. खाली एकाच आसावर उलट दिशांना फिरणारे दोन पंखे, पुढचा तीन पात्यांचा, मागचा चारचा. आणि दोन वेगांचा स्वयंचलित गिअर, जो आउटबोर्डमध्ये पूर्वी नव्हता.

हा दोन वेगांचा गिअर कशाला, तर पंधरा टनांची बोट पाण्यातून उठवायला. हळू चालते तोवर बोट पाणी बाजूला सारत जाते. एका वेगानंतर ती स्वतःच्याच लाटेवर चढते आणि पाण्यावर घसरायला लागते. मधला चढ हा खरा राक्षस. तिथे पुरेसा जोर नसेल तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आकाशाकडे, मागची बाजू खड्ड्यात, आणि इंजिन नुसतं बोंबलतंय. पहिला गिअर साधारण वीस टक्के खाली असतो, तो हा चढ पार करायला. मोठ्या बोटींना पूर्वी आउटबोर्ड का चालत नव्हती, तर कमाल वेग कमी पडतो म्हणून नव्हे. घोडं या चढावरच पेंड खात होतं.

खारं पाणी

पंडितजी, पंखा पाण्याखाली असताना गिअरचं तेलही बदलता येतं त्यात, तेही सांगा. यामाहाच्या ४२५ मध्येही ती सोय होती. बोट बाहेर काढायचा खटाटोप वाचतो. माझा धंदा थोडा बुडतो, पण ठीक आहे.

दीपस्तंभ

मी सुकाणू यांच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे. मला पेट्रोलची भीती वाटते आणि ती लपवायचं कारण दिसत नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळात, बिल्जमध्ये, साचून बसते. उणे चाळीस अंशांतही ती पेट घेण्याइतकी तयार होते. डिझेलला त्यासाठी पन्नास-साठ अंशांची उष्णता लागते. लोक म्हणतात, आउटबोर्ड बाहेर असतं त्यामुळे ती काळजी नाही. इंजिन बाहेर आहे हो, पण १५०० लिटरची टाकी कुठे आहे? डेकच्या खालीच ना? आणि तिच्यातून तीन नळ्या मागे जातात.

दुसरी गोष्ट ऐकीव नाही, अंगावर आलेली आहे. तीन इंजिनं म्हणजे एक गेलं तरी दोन आहेत, असं सगळे छाती ठोकून सांगतात. मीही सांगायचो. एका पंपावर टाकी भरली. दीड तासाने मधलं इंजिन अडखळलं. पाच मिनिटांत डावं, मग उजवं. आठ मैल बाहेर, तीनही बंद. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पाणी लागलं की एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी जातात. इंजिनाची नळीही तळाशीच असते. इंजिनं तीन होती, पण सगळी एकाच मडक्यातलं पीत होती. त्या रात्री नांगराने वाचवलं, इंजिनांनी नाही.

खारं पाणी

दीपस्तंभ, तुमच्यावर आलेला प्रसंग वाईटच. पण डिझेलला पाणी लागत नाही असं थोडंच आहे? डिझेलच्या टाकीत पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढतात, काळा चिकट चिखल होतो, फिल्टर तुंबतात. डिझेल बोटी लाटांत अडकतात त्या बऱ्याचदा यामुळेच. खवळलेल्या समुद्रात टाकी घुसळली जाते आणि तळाचा गाळ नेमका तेव्हाच वर येतो.

उपाय दोन्हीकडे एकच. प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र पाणी-विभाजक फिल्टर, पारदर्शक वाटीचा, हात पोचेल अशा जागी. आणि जमल्यास दोन टाक्या, मध्ये बंद करता येणारी झडप. एका अनोळखी पंपावर दोन्ही टाक्या भरायच्या नाहीत. ३०० एचपीचं एक असो की ६०० ची तीन, हा नियम बदलत नाही.

दीपस्तंभ

हे सगळं आता करतो. पण हे विकणारा सांगत नाही, तो म्हणतो "तीन आहेत, काळजी नको." माझा राग त्या वाक्यावर आहे.

गळ आणि दोरी

माझं दुखणं कोणीच काढलं नाही. मी मासे धरायला जातो. मोठा मासा लागला की तो बोटीच्या मागेच येतो, मागेच खेळतो आणि मागच्याच कोपऱ्यात दोरी घासतो. पोटात इंजिन असलेल्या बोटीची मागची बाजू मोकळी असते. मी काठाला गुडघे टेकून वाकू शकतो. आउटबोर्डवाल्या बोटीत मागे तीन कपाटं उभी. दोरी त्यांना वळसा घालून न्यायची म्हणजे दोन माणसांची कसरत, आणि पंख्याला लागली तर दोन तासांची झटापट एका क्षणात वाया.

माशाच्या मागे बोट उलटी नेणं हाही प्रकार आहे. पोटातल्या इंजिनाचे मोठे, संथ पंखे ते छान करतात. आउटबोर्डचे छोटे पंखे मागे घेताना जीव टाकतात.

तरीही माझ्यासारखे बरेच जण आउटबोर्डकडे गेले, कारण मासे असतात तिथे लवकर पोचता येतं. मी स्वतः गेलो नाही. उशिरा पोचतो, पण मासा बोटीत येतो.

पिस्टनपंडित

गळराव, "मोठे संथ पंखे" हा या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा शब्द आहे आणि तो तुम्ही माशाच्या गोष्टीत दडवून ठेवलात. पाणी ढकलायचं तर जास्त पाणी हळू ढकलणं हे थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा स्वस्त. आउटबोर्डच्या पंख्याच्या व्यासाला मर्यादा असते, म्हणून व्ही-१२ ला दोन पंखे लावावे लागले.

डिझेल कमी का पितं हेही मांडतो, नाहीतर सगळे पंख्याला दोष देतील. पूर्ण ताकदीवर पेट्रोल इंजिन ताशी एका एचपीमागे अदमासे ०.३ लिटर किंवा थोडं जास्त घेतं, डिझेल ०.२ च्या जवळपास. म्हणजे १८०० एचपी पूर्ण उघडली तर साडेपाचशे लिटर सहज, वर कितीही. ८८० एचपी डिझेल १९० च्या आसपास. पण बघा, यातला मोठा वाटा इंधनाच्या प्रकाराचा नाही, १८०० विरुद्ध ८८० चा आहे. सुकाणूसाहेबांनी पेट्रोल विरुद्ध डिझेल असा सामना लावलाय. खरा सामना घाई विरुद्ध सवड असा आहे. त्याच बोटीला १८०० एचपीची डिझेलं बसवा आणि ४१ नॉटने पळवा, मग पल्ला बघू.

पाण्यावर घसरणाऱ्या बोटीत वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण चौपट लागते. घोडे वाढवून वेग मिळतो, पण दर वेळी आधीपेक्षा कमी.

सुकाणू

@पिस्टनपंडित, हे मान्य करावं लागेल. माझी तुलना तिरकी होती. पण बाजारात त्या सांगाड्याला पर्याय तेवढेच आहेत, त्यामुळे घेणाऱ्याच्या पदरात तीच तुलना पडते. १८०० एचपीची डिझेलं त्या पोटात मावणारच नाहीत.

पिस्टनपंडित

झालं तर मग! "मावणार नाहीत" हेच आउटबोर्डच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण आहे, तुम्हीच दिलंत. तुमच्या ४४० एचपीच्या डिझेलचं पॉडसकट वजन ९०० किलोच्या पुढेमागे असेल. दोन म्हणजे १८००. तिकडे तीन आउटबोर्ड १७०० च्या थोडी वर. वजन जवळपास तेच, ताकद दुप्पट. प्रश्न फक्त ते वजन कुठे टांगलंय एवढाच, आणि सांगाडा पहिल्यापासून त्यासाठी आखलेला असेल तर तोही फारसा उरत नाही. जुन्या, डिझेलसाठी बांधलेल्या बोटीला मागून फळी जोडून आउटबोर्ड लटकवणाऱ्यांना मात्र मी हात जोडतो.

भरतीओहोटी

उंटावरून शेळ्या हाकतोय असं वाटेल, पण एक विचारू का? हे महाकाय आउटबोर्ड काढणाऱ्या कंपन्या टिकतात का? मोटारीचं सुपरचार्ज केलेलं व्ही-८ घेऊन ५५७ एचपीचं आउटबोर्ड काढणारी सेव्हन मरीन आठवते? २०११ ची गोष्ट. २०१७ मध्ये व्होल्वो पेंटाने तिच्यात मोठा हिस्सा घेतला, आणि चारेक वर्षांत कारखाना बंद. ज्यांनी अशी चार-चार लावली त्यांनी सुटे भाग कुठून आणायचे? एव्हिनरूडसारखं १९०९ पासूनचं नाव २०२० मध्ये बंद झालं, तर नवख्यांची काय कथा.

खारं पाणी

रास्त शंका. म्हणून मी सांगतो की आउटबोर्ड घेताना एचपी शेवटी बघा. आधी बघा, तुमच्या बंदरात त्या इंजिनाचा संगणक वाचता येणारा माणूस आहे का. झाकण उघडता येणं आणि दुरुस्त करता येणं यात फरक आहे, हे मीच मघाशी अर्धवट सांगितलं. ३०० पर्यंतची इंजिनं कोणीही हाताळतो. ६०० चं धूड उचलायला क्रेनही वेगळी लागते.

विजेरी

सगळेजण जाळण्याबद्दलच बोलताय. विजेवरची आउटबोर्ड येतायत, दहा वर्षांनी हा धागा वाचून लोक हसतील.

पिस्टनपंडित

हसू देत, मलाही आवडेल. पण आजचा हिशेब करा. ६०० एचपी म्हणजे साधारण ४४७ किलोवॅट. एक तास पूर्ण ताकद म्हणजे ४४७ युनिट. बॅटरीच्या अख्ख्या पेटीचा किलोमागे दीडशे वॉट-तास धरला तर जवळजवळ तीन टन बॅटरी, एका इंजिनाला, एका तासासाठी. तीन इंजिनांना नऊ टन. बोट पंधरा टनांची. छोट्या, संथ होडीला वीज आजच उत्तम आहे. या धाग्यातल्या बोटीला नाही.

डिझेलची आउटबोर्डही आहेत म्हणा, ३०० एचपीची. चारशे किलोच्या आसपास जातात. त्याच ताकदीचं पेट्रोल व्ही-८ त्याहून शंभर किलोंपेक्षा जास्त हलकं मिळतं. कामाच्या बोटींना, दिवसातून दहा तास धावणाऱ्यांना, ती शोभतात. हौशी माणसाला वजनच सोसत नाही.

शंखनाद

सुकाणू यांनी पोहायचा मुद्दा काढला आणि सगळे तो ओलांडून पुढे गेले. पोरं मागच्या फळीवरूनच पाण्यात उड्या मारतात आणि पंखे तिथेच. अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून चालकाने इंजिन बंद करणारी दोरी किंवा बिनतारी पट्टा लावणं बंधनकारक केलं, पण ते २६ फुटांखालच्या बोटींना. म्हणजे सहा पंखे फिरवणाऱ्या ४८ फुटी बोटीला ते लागूच नाही! माझ्या बोटीवर साधा नियम आहे: कोणी पाण्यात असेल तर किल्ली माझ्या खिशात. न्यूट्रल वगैरे काही नाही, इंजिन बंद आणि किल्ली खिशात. एवढं केलंत की कुठलंही इंजिन घ्या.

गळ आणि दोरी

+१. किल्लीबद्दल.

पिस्टनपंडित

सुकाणूसाहेब, एक राहिलं. चाचणी-फेरीत बोटीत किती माणसं आणि टाकीत किती पेट्रोल होतं?

सुकाणू

आम्ही दोघं आणि विक्रेता. टाकी पाव भरलेली असावी. का?

पिस्टनपंडित

वाटलंच. मग ते ४१ नॉट विसरा. त्या इंजिनाने पूर्ण थ्रॉटलला ५६०० ते ६४०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, गाठले पाहिजेत, आणि तेही भरलेल्या बोटीत. रिकाम्या बोटीत सगळ्यांचंच गाठतं. भरल्यावर खाली राहिलं तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढं पुढे जायला बघतो ते अंतर, जास्त आहे. ते इंजिन आयुष्यभर चढावर तिसऱ्या गिअरमध्ये चाललेल्या गाडीसारखं कुथत राहणार. पिच एक इंच कमी केला की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. टाकी भरा, पाण्याची टाकी भरा, आठ-नऊ माणसं घ्या, आणि पुन्हा जा. दोन्ही बोटींवर.

सुकाणू (अकरा दिवसांनी)

धागा वर काढतोय. गेलो. नऊ माणसं, टाक्या तुडुंब, मित्राच्या घरचं सामान धरून. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

आउटबोर्डवाली: ५४५० आरपीएमच्या वर गेलीच नाही. ३६ नॉट. चढ मात्र दोन गिअरमुळे सुंदर पार केला, नाळ जेमतेम उचलली, इथे पंडितजींना मार्क. पंखे बदलावे लागणार हे विक्रेत्यानेही कबूल केलं. पॉडवाली: २६.५ नॉट, पण चढताना वेळ घेतला, आणि त्या काही सेकंदांत समोरचं काही दिसत नव्हतं. हे मला पहिल्या फेरीत कळलंच नव्हतं. माझ्या बाजूचा एक मुद्दा कमी झाला.

पण खरी गंमत पुढे. मित्राच्या बायकोने विचारलं, की आपण एवढं भांडतोय, पण सध्याची बोट आपण चालवतो किती? सध्याची म्हणजे ३६ फुटी, ३०० ची दोन. आउटबोर्डच्या संगणकात कोणत्या आरपीएमला किती तास चाललं याची नोंद असते. त्यांच्या मेकॅनिककडून लॅपटॉप लावून काढून घेतली. गेल्या हंगामात एकूण ६१ तास. त्यातले ३४ तास १५०० आरपीएमच्या खाली! बंदरात शिरणं, निघणं, पोरांना खाडीत फिरवणं, उगाच तरंगणं. ५००० च्या वर अख्ख्या हंगामात अडीच तास.

उरलेल्या सत्तावीस तासांचा मी हिशेब केला. ते सगळे आरामाच्या वेगात धरले तर साडेसातशे मैल होतात, म्हणजे आउटबोर्डवाली बोट वर्षाला साडेचार हजार लिटर जास्त जाळेल. मी विजयी मुद्रेने आकडा दाखवला. वहिनी म्हणाल्या, "आणि डिझेलवाली घेतली तर माझी मागची खोली जाते ना?" यावर माझ्याकडे लिटरमध्ये उत्तर नव्हतं.

माझं मत अजून तेच आहे, फक्त त्याचा आवाज कमी झालाय. वर्षाला तीनशे तास चालवणाऱ्याने डिझेल घ्यावं, यावर मी ठाम. साठ तासवाल्याला काय सांगू, ते कळेनासं झालंय.

भरतीओहोटी

५००० च्या वर अडीच तास, आणि त्यासाठी १८०० घोडे. वल्ही घ्या म्हणावं, खोलीही राहील.

पिस्टनपंडित

३४ तास १५०० च्या खाली हा आकडा कामाचा आहे. मित्राला सांगा, हळू चालताना मधलं एकच इंजिन खाली ठेवायचं, बाजूची दोन वर उचलायची. पंखा पाण्यात नुसता लोंबत राहिला तर ओढ पडते, वर असला तर नाही. शिवाय त्या इंजिनांवर तासही चढत नाहीत. वारा असेल तर मात्र धक्क्याला येण्याआधी तीनही खाली हवीत, तिथे हुशारी नको. तिसऱ्या फेरीत एवढं बघून या: आठ नॉटला एक इंजिन विरुद्ध तीन, मीटर काय दाखवतो.

सुकाणू

तिसरी फेरी? विक्रेता कालपासून माझा फोन उचलत नाहीये.